भिंगातून हिऱ्याची क्लॅरिटी कशी वाचायची

साखरपुड्याच्या अंगठीसाठी माझ्या मावसभावाने दोन हिरे पसंत करून ठेवले होते. दोन्ही गोल, दोन्ही ३० सेंटचे (शंभर सेंटचा एक कॅरट), रंगाची प्रत जी, कट म्हणजे पैलूंची घडणही सारखीच, आणि दोन्हींच्या सर्टिफिकेटवर क्लॅरिटी, म्हणजे हिरा किती निर्दोष आहे त्याची प्रत, एसआय१. तरी एक साडेसहा हजारांनी स्वस्त. "ताई, दुकानदार काही लपवतोय का गं?" असं त्याने फोनवर विचारलं. मी म्हटलं, लपवत नसेल; सर्टिफिकेटवर खाली 'क्लॅरिटी कॅरॅक्टरिस्टिक्स' अशी ओळ असेल, ती वाच. महागाच्या कागदावर 'फेदर' लिहिलं होतं, स्वस्ताच्या कागदावर 'क्रिस्टल'. मी म्हटलं, शनिवारी येते, भिंग घेऊन.

मी अंधेरीच्या सीप्झमध्ये एका दागिन्यांच्या युनिटमध्ये अकरा वर्षं हिरे असॉर्ट केले. म्हणजे पांढऱ्या पॅडवर हिऱ्यांचा ढीग ओतायचा, चिमट्याने एकेक उचलायचा, भिंगाखाली बघायचा आणि आपापल्या गटात टाकायचा. त्या सवयीतून जे कळलं ते पहिल्यांदाच हिरा घेणाऱ्यासाठी इथे मांडतेय. त्या शनिवारी दुकानात भावाला जसं दाखवलं, साधारण त्याच क्रमाने.

अक्षरं आधी समजून घ्या, पण तिथे अडकू नका

पूर्वी बाजारात प्रत्येक जण आपापली भाषा बोलायचा. कुणी 'क्लीन' म्हणे, कुणी 'परफेक्ट', आणि डाग असेल तर फ्रेंचांकडून आलेला 'पिके', म्हणजे टोचलेला. आपल्याकडच्या जुन्या रत्नशास्त्रातही बिंदू, रेखा, यव, काकपद असे हिऱ्याचे दोष सांगितलेत. काकपद म्हणजे कावळ्याच्या पायासारखी फुटलेली खूण. हिऱ्याच्या आतली चीर ज्याने पाहिली आहे त्याला हा शब्द किती नेमका आहे ते लगेच कळतं.

आज जगभर चालते ती पट्टी अमेरिकेतल्या जीआयए या संस्थेची. संस्था रॉबर्ट शिप्ली यांनी १९३१ मध्ये सुरू केली आणि प्रतवारीची ही पद्धत रिचर्ड लिडिकोट यांच्या काळात, १९५३ मध्ये आकाराला आली. तिच्यात अकरा पायऱ्या आहेत. सगळ्यात वर फ्लॉलेस, म्हणजे दहापट भिंगाखाली आत काही नाही आणि पृष्ठभागावरही काही नाही. त्याखाली इंटर्नली फ्लॉलेस: आत काही नाही, वर मात्र बारीक ओरखडा वगैरे असू शकतो. मग व्हीव्हीएस१ आणि २ (व्हेरी व्हेरी स्लाइटली इन्क्लुडेड, म्हणजे आत अगदी किंचित दोष), व्हीएस१ आणि २ (व्हेरी स्लाइटली), एसआय१ आणि २ (स्लाइटली), आणि शेवटी आय१, आय२, आय३ (नुसतं इन्क्लुडेड). कुणी तुम्हाला 'एसआय३' विकत असेल तर ती पायरी जीआयएच्या पट्टीत नाही. बाजारात एसआय२ आणि आय१ यांच्यामध्ये घुसवलेली ती सोयीची खोली आहे. युरोपातल्या काही प्रयोगशाळा सगळ्यात वरच्या प्रतीला 'लूप क्लीन' आणि शेवटच्या तीन प्रतींना पी१, पी२, पी३ म्हणतात. तो पी म्हणजे तोच जुना पिके.

या पायऱ्यांच्या व्याख्या नीट वाचल्या तर त्यात मिलिमीटर नाही, मायक्रॉन नाही. आहे ते एवढंच: शिकलेल्या माणसाला दहापट भिंगातून तो दोष किती सहज दिसतो. व्हीव्हीएस१ मध्ये सापडणं अतिशय कठीण, व्हीएस१ मध्ये कठीण, व्हीएस२ मध्ये थोडं सोपं, एसआय१ मध्ये सोपं, एसआय२ मध्ये फारच सोपं. आय मध्ये शोधावंच लागत नाही. म्हणजे ही प्रत हे मोजमाप नाही, तो एक निवाडा आहे. चांगल्या प्रयोगशाळेत एकापेक्षा जास्त माणसं स्वतंत्रपणे बघतात ते त्यामुळेच. आणि त्यामुळेच सीमेवरचा हिरा एका प्रयोगशाळेत व्हीएस२ ठरतो, दुसरीत एसआय१.

भिंग कोणतं आणि धरायचं कसं

भिंग दहापटच हवं. बाजारात त्याला आयग्लास किंवा लूप म्हणतात. 'ट्रिपलेट' मागा: तीन काचा जोडलेल्या असतात, त्यामुळे कडेला इंद्रधनुष्य दिसत नाही आणि आकार वाकडा होत नाही. ऑनलाइन ३०एक्स असं छापलेली स्वस्त भिंगं मिळतात, ती घेऊ नका. तेवढी मोठी प्रतिमा खरंच दिसली असती तरी उपयोग नव्हता, कारण सगळी पट्टी दहापटीवर बेतलेली आहे. तीसपटीत बघितलं तर व्हीव्हीएससुद्धा खरूज झाल्यासारखा दिसेल.

भिंग डोळ्याच्या अगदी जवळ, हाताचं बोट गालाला टेकलेलं. दुसरा डोळा उघडाच ठेवायचा. मिटला की दहा मिनिटांत डोकं दुखायला लागतं. कोपरं टेबलावर. चिमटा धरलेला हात भिंगाच्या हाताला टेकवायचा, नाहीतर हिरा आगगाडीत बसल्यासारखा हलतो. मग हिरा हळूहळू जवळ आणायचा. साधारण अडीच सेंटिमीटरवर तो एकदम स्पष्ट होतो. सुरुवातीला सगळे हीच चूक करतात की भिंग हिऱ्याजवळ नेतात आणि डोळा लांब ठेवतात, वर्तमानपत्र वाचणाऱ्या आजोबांसारखं.

उजेड बाजूने आला पाहिजे, डोळ्यात नाही. हिऱ्यामागे गडद काहीतरी असेल तर आतलं उजळून दिसतं. दुकानातले छतावरचे पिवळे-पांढरे स्पॉटलाइट हिरा विकण्यासाठी असतात, तपासण्यासाठी नव्हे. त्यांच्याखाली हिरा इतका चमकतो की आय१ सुद्धा निभावून जातो. सरळ सांगायचं, "जरा टेबल लॅम्प द्या."

आधी पूस, मग बोल

माझा असॉर्टिंगचा पहिला आठवडा. एक पुडी मला दिली होती, व्हीएसची. मी तिच्यातले निम्मे हिरे काढून एसआयच्या गटात टाकले आणि मोठ्या तोऱ्यात सांगितलं की माल मिसळलेला आहे. आमच्या टेबलावरच्या काकांनी एक हिरा उचलला, कापडाने पुसला, बघितला आणि परत व्हीएसमध्ये टाकला. मग दुसरा. तिसरा. चौथ्याला म्हणाले, "आधी पूस, मग बोल." ते सगळे ठिपके धुळीचे होते.

हिऱ्याला चरबी चटकन चिकटते. बोट लागलं की तेलाचा थर आलाच, आणि त्यावर धूळ. म्हणून हातात कधी धरायचा नाही. धागे न सोडणाऱ्या कापडात दोन्ही बाजूंनी पुसायचा आणि चिमट्याने गर्डलला, म्हणजे हिऱ्याच्या कमरेच्या कडेला, पकडायचा.

तरी ठिपका राहिला तर तो वर आहे की आत? दोन युक्त्या आहेत. एक, हिरा असा तिरका करा की एखादा पैलू आरशासारखा उजेड परत फेकेल. त्या चकाकत्या पत्र्यावर ठिपका स्पष्ट उमटला तर तो पृष्ठभागावर आहे. दुसरी, पैलूंच्या कडा अगदी रेखीव दिसतील असं फोकस करा. ठिपकाही तेव्हाच रेखीव असेल तर वर. हिरा थोडा आणखी जवळ आणल्यावर तो रेखीव होत असेल आणि कडा पुसट, तर आत. दुसरी युक्ती जमायला दोन-तीन दिवस लागतात, पण एकदा जमली की हिऱ्याला खोली आहे हे डोळ्यांना पहिल्यांदा कळतं.

हिऱ्याभोवती फेरी

आधी वरून, टेबल नावाच्या मोठ्या सपाट पैलूतून बघा. मग घड्याळ समजून बारा वाजल्यापासून फेरी मारा: एकेका तासाला थोडं तिरकं करून आत डोकवायचं. मग हिरा उलटा करून खालून, पॅव्हिलियनच्या बाजूने. जिथे चिमट्याची टोकं आहेत ती जागा झाकली जाते, म्हणून हिरा सोडून नव्वद अंशांत फिरवून पुन्हा धरायचा. ही शेवटची पायरी टाळणारे फार. दोष नेमका टोकाखाली असतो आणि हिरा स्वच्छ म्हणून जातो.

काय दिसतं? अगदी बारीक पांढरा ठिपका म्हणजे पिनपॉइंट. असे असंख्य एकत्र, धुरकट, तो क्लाउड. बारीक सरळ काडी, ती नीडल. आत अडकलेला दुसऱ्या खनिजाचा कण म्हणजे क्रिस्टल. तो रंगहीन असू शकतो, काळा असू शकतो, गार्नेटचा असेल तर लालसर, आणि कधीकधी तो दुसरा हिराच असतो. आतली चीर म्हणजे फेदर. एका कोनातून पिसासारखी पांढरी चमकते, दुसऱ्या कोनातून नाहीशी होते. गर्डलवर मूळ कच्च्या हिऱ्याच्या सालीचा तुकडा राहिला तर तो नॅचरल. आमच्याकडे काळ्या कणांना सरसकट 'नॅट्स' म्हणतात, आणि व्यापारी फोनवर पहिला प्रश्न विचारतो तो हाच: टेबलात नॅट्स आहेत का?

हा प्रश्न बरोबर आहे. पट्टीचे निकष पाच: दोष केवढा, किती, कुठे, कोणत्या जातीचा, आणि आजूबाजूच्या हिऱ्यापासून किती उठून दिसतो. पहिले दोन सगळ्यांना समजतात. पैसे मात्र 'कुठे' आणि 'किती उठून' या दोघांत असतात. टेबलाखाली मधोमध असलेला काळा कण आणि कडेला असलेला तेवढाच पांढरा कण यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आणि एक गंमत: खालच्या टोकाजवळ असलेला एकच कण पॅव्हिलियनच्या पैलूंत आरशांसारखा परावर्तित होतो आणि वरून आठ दिसतात. मी एकदा प्रामाणिकपणे आठ मोजले होते. उलटा करून पाहिला तर एकच. पण प्रत ठरवताना त्या आठ प्रतिबिंबांचाही विचार होतो, कारण बघणाऱ्याला आठच दिसणार.

तेवढाच कण २० सेंटच्या हिऱ्यात जास्त नडतो, दोन कॅरटच्या हिऱ्यात कमी. घाटाचंही तसंच. गोल ब्रिलियंटच्या बारीक-बारीक पैलूंत दोष हरवून जातो. एमराल्ड कटचे पैलू लांब पायऱ्यांसारखे असतात, तिथे खिडकीतून बघावं तसं सगळं दिसतं. म्हणून गोलात एसआय१ चालतो म्हणणारी मी, एमराल्ड कटात व्हीएस२ च्या खाली शक्यतो जात नाही.

दुकानात भावाने 'क्रिस्टल'वाला हिरा आधी बघितला. पाच मिनिटं काही दिसेना, मग एकदम "अरे!" टेबलाच्या मधोमध, जिऱ्याच्या टोकाएवढा काळा कण. भिंग बाजूला ठेवल्यावरही, आता कुठे बघायचं ते माहीत झाल्यामुळे, त्याला तो हातभर अंतरावरून भासायला लागला. 'फेदर'वाल्यात चार वाजण्याच्या जागी, गर्डलच्या जरा आत एक छोटी पांढरी चीर होती, ती फक्त तिरकं केल्यावर चमकायची. प्रत एकच, पण एक हिरा रोज नजरेला टोचणारा, दुसरा नाही. साडेसहा हजारांचं कोडं इथे सुटलं.

चीर दिसली की कुठवर गेलीय ते बघा

फेदर म्हटलं की लोक घाबरतात. हिरा हा सगळ्यात कठीण पदार्थ खरा, पण कठीण म्हणजे न तुटणारा नव्हे. त्याला चार दिशांना सरळ फाटण्याची जात आहे. छोटी, आतच थांबलेली चीर वर्षानुवर्षं काही करत नाही. मोठी चीर गर्डल फोडून बाहेर आली असेल, किंवा प्रिन्सेस कटच्या, म्हणजे चौकोनी हिऱ्याच्या, टोकदार कोपऱ्यात असेल, तर कोंदणात बसवताना दाब पडून तिथून कपची उडू शकते. असा हिरा घेतलाच तर बसवणाऱ्या कारागिराला ती जागा आधी दाखवायची. तो क्लॉ, म्हणजे हिरा पकडून ठेवणारा कोंदणाचा काटा, वाकवताना हात हलका ठेवतो.

कागद वाचताना

मोठ्या रिपोर्टवर हिऱ्याचा नकाशा असतो. लाल खुणा आतल्या दोषांच्या, हिरव्या पृष्ठभागावरच्या. बाजूला खुणांची यादी असते आणि त्यात सहसा वरचं नाव प्रत ठरवणाऱ्या दोषाचं. लहान हिऱ्यांच्या छोट्या रिपोर्टवर नकाशा नसतो, नुसती नावं असतात.

पण मी सगळ्यात आधी वाचते ती खालची 'कॉमेंट्स'ची ओळ. 'आणखी पिनपॉइंट दाखवलेले नाहीत' असं असेल तर पुढे चला. पण हिरा एसआय२ आहे आणि लिहिलंय की प्रत नकाशात न दाखवलेल्या क्लाउडवरून ठरवली आहे, तर थांबा. याचा अर्थ धूर इतका पसरलाय की रेखाटताच आला नाही. असा हिरा भिंगाखाली 'स्वच्छ' दिसतो, एकही काळा कण नाही, दुकानदार आनंदाने दाखवतो. आणि शेजारी दुसरा हिरा ठेवला की हा दुधात बुडवून काढल्यासारखा. बाजारात याला मिल्की म्हणतात, आणि 'नो बीजीएम' म्हणजे ब्राउन, ग्रीन, मिल्की नको, अशी अटच घालतात. तुम्हीही घाला.

त्याच ओळीत 'लेझर ड्रिलिंग' आहे का बघा. काळ्या कणापर्यंत लेझरने बारीक भोक पाडून आम्लाने तो पांढरा केलेला असतो. हिरा आडवा धरला की ती नळी सरळ दिसते. याहून वाईट म्हणजे चीर काचेसारख्या पदार्थाने भरलेला हिरा. तो हलवताना चिरेत नारिंगी-जांभळी-निळी अशी झुळूक चमकून जाते. दागिना दुरुस्त करताना सोनाराच्या टॉर्चची आच लागली की भरलेलं बिघडतं. जीआयए अशा हिऱ्याला प्रतच देत नाही.

लॅबमध्ये तयार केलेल्या हिऱ्यांत दोषही वेगळे. जास्त दाबाखाली बनवलेल्यांत धातूचे चकाकते कण राहतात, कधी इतके की हिरा लोहचुंबकाला ओढला जातो. वायूपासून थराथराने वाढवलेल्यांत काळ्या कार्बनचे ठिपके असतात. पण नुसत्या भिंगावरून 'हा नैसर्गिक, हा लॅबचा' असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. त्याला यंत्र लागतं. २०२५ मध्ये जीआयएने लॅबच्या हिऱ्यांसाठी ही अकरा पायऱ्यांची पट्टी सोडून 'प्रीमियम' आणि 'स्टँडर्ड' एवढेच शब्द ठेवले.

दागिना आधीच तयार असेल तर

मंगळसूत्राच्या वाटीत किंवा कानातल्या फुलात दोन-तीन सेंटचे चाळीस हिरे असतील तर बिलावर 'व्हीव्हीएस-ईएफ' किंवा 'एसआय-आयजे' असं एकत्र लिहितात (पुढची दोन अक्षरं रंगाची). हा पूर्ण गटाचा अंदाज असतो, प्रत्येक हिऱ्याचा निकाल नव्हे. बसवलेल्या हिऱ्याची बाजू आणि पाठ सोन्याने झाकलेली असते, त्यामुळे प्रामाणिक प्रयोगशाळाही तिथे नेमकी पायरी न देता 'व्हीव्हीएस-व्हीएस' असा पल्ला देते. एवढ्या बारीक हिऱ्यांत व्हीव्हीएससाठी जादा पैसे मोजणं मला तरी पटत नाही. कुणी चाळीस हिरे भिंगाखाली बघत नाही, चमक बघतात, आणि चमक कटची असते.

आणि बिलावर हॉलमार्क, एचयूआयडी आहे म्हणून निश्चिंत होऊ नका. तो सहा अक्षर-अंकांचा क्रमांक सोन्याच्या शुद्धतेचा आहे. हिऱ्याबद्दल तो एक शब्दही बोलत नाही. घरी आलेल्या निम्म्या नातेवाइकांना हे सांगावं लागतं.

भावाने फेदरवाला घेतला. सुटा असतानाच मी त्याला ती चीर वरून, बाजूने आणि खालून अशी तिन्हीकडून दाखवली आणि कागदावर एक वर्तुळ काढून चार वाजण्याच्या जागी खूण करायला लावली. गर्डलवर लेझरने कोरलेला रिपोर्ट नंबर भिंगातून वाचून सर्टिफिकेटशी जुळवला. अंगठी दहा दिवसांनी आली. कोरलेला नंबर एका क्लॉखाली अर्धा झाकला गेला होता, शेवटचे चार आकडे तेवढे दिसत होते. त्याने अंगठी उलटी केली, भिंग डोळ्याला लावलं, बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "सापडली. क्लॉच्या अगदी शेजारी."